फुलाचा कडवटपणा आणि फुलाचा गंध

स्वयंपाकघरातील सर्व पदार्थांत गंध हा सर्वांत अल्पायुषी होय. मीठ तासभर उकळले तरी मीठच राहते, तिखटाचा तिखटपणा चुलीवर वाढतो, परंतु कोथिंबिरीचा वास आधणात पाच मिनिटेही टिकत नाही. म्हणूनच बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात, मेहकर आणि त्याच्या आसपासच्या गावांतून, ज्वारीची आंबील करणारी गृहिणी लसूण-जिऱ्याचे वाटण आणि कोथिंबीर भांडे चुलीवरून उतरल्यावरच घालते. पीठ रात्रभर ताकात आंबते, सकाळी शिजते आणि गंध शेवटी येतो. हा क्रम तिला कोणी पुस्तकातून शिकविलेला नसतो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर शारंगधराच्या मूर्तीमुळे सर्वश्रुत आहे. मांजरेच्या खोऱ्यातील हे दुसरे मेहकर मराठी-कानडीच्या सीमेवरील एक साधे गाव. येथे ज्या पेयाला मराठी घरात आंबील म्हणतात, त्यालाच शेजारच्या कानडी घरात अंबली म्हणतात. नाव थोडे बदलते; क्रम मात्र बदलत नाही.

हाच क्रम शोधून काढण्यासाठी युरोपातील बिअर करणाऱ्यांना बरीच शतके खर्ची घालावी लागली. त्यांच्यापुढील प्रश्न कोथिंबिरीचा नव्हता, हॉप नावाच्या एका वेलीच्या फुलाचा होता. त्या फुलाची कथा केवळ चवीची नाही. घरात होणारे पेय घराबाहेर कसे गेले, त्याबरोबर कोणाच्या हातची विद्या गेली, आणि तिच्यातील किती अंश परत आला, याची ती कथा आहे. तिचे काही धागे मांजरेच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. उंच खांब आणि दोर यांच्या आधाराने ती एका उन्हाळ्यात पंधरा-वीस फूट सहज चढते. नर आणि मादी वेली निरनिराळ्या असतात. उपयोग होतो तो मादी वेलीवरील खवल्याखवल्यांच्या हिरव्या, कणसासारख्या फुलांचा. फूल उकलून पाहिले असता खवल्यांच्या मुळाशी पिवळी, चिकट पूड आढळते. या पुडीत दोन प्रकारची द्रव्ये असतात. एक राळेसारखे, ते तासभर उकळले म्हणजे त्याचे रूप पालटते आणि कडू होऊन पाण्यात उतरते. हाच बिअरचा कडवटपणा, आणि तोच तिला नासविणाऱ्या काही जंतूंना आवर घालतो. दुसरे द्रव्य म्हणजे सुगंधी तेल. सुकलेल्या फुलाच्या वजनात ते शेकडा अर्ध्यापासून सुमारे तीन भागांपर्यंतच असते. कोठे लिंबाच्या सालीसारखा, कोठे ओल्या गवतासारखा, कोठे गुलाबासारखा, तर कोठे देवदाराच्या लाकडासारखा असा त्याचा वास असतो. पण हे तेल वाफेबरोबर उडून जाते. म्हणजे एकाच फुलातील एक गुण उकळल्याखेरीज मिळत नाही आणि दुसरा उकळला की राहत नाही. हॉपचा सारा इतिहास या एका विरोधाभोवती फिरतो.

हॉपचे सर्वांत जुने भरवशाचे लेखी उल्लेख युरोपातील मठांतून मिळतात. फ्रान्समधील कॉर्बी येथील बेनेडिक्टाइन मठाचा अधिपती अडालहार्ड याने ८२२ साली मठासाठी नियमावली केली. तीत धान्य, माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले जव, आणि हॉप यांतील हिस्सा मठाच्या द्वारपालाला द्यावा, असा उल्लेख आहे. द्वारपालाकडे पांथस्थांची आणि गोरगरिबांची सोय असे. अर्थात हे पेय केवळ मठवासीयांच्या पंक्तीपुरते नव्हते. पुढे बाराव्या शतकात जर्मनीतील मठाधिकारिणी हिल्डेगार्ड हिने वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात लिहिले की, हॉप माणसाच्या मनात उदासपणा वाढविते, तथापि तिच्या कडूपणामुळे पेये नासत नाहीत. १०९८ मध्ये जन्मलेली आणि ११७९ मध्ये निवर्तलेली ही विदुषी गीते रचणारी, औषधे जाणणारी आणि राजेलोकांना परखड पत्रे लिहिणारी होती. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. हॉपचा मुख्य गुण तिने बरोबर ओळखला होता. मात्र तिने प्रशंसा केली ती टिकाऊपणाची; गंधाविषयी ती काही म्हणत नाही.

त्या काळी बहुतेक ठिकाणी हॉपखेरीजच बिअर होत असे. दलदलीत उगवणारी सुवासिक झुडपे आणि रानातील औषधी पाला यांचे मिश्रण तीत घालीत. हे मिश्रण विकण्याचा मक्ता कोठे सरदाराकडे, कोठे बिशपाकडे, तर कोठे नगराकडे असे. हॉपने या मक्त्यांना हळूहळू मागे सारले. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे असा हुकूम काढला की, बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून दुसरे काहीही घालू नये. यीस्टचा उल्लेख त्यात नाही. आंबवणारा सूक्ष्म जीव म्हणून त्याची ओळख पटावयास अद्याप तीन शतकांहून अधिक काळ जावयाचा होता.

इंग्लंडात हॉप फ्लँडर्समधून आली. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हॉप घातलेली बिअर तेथे येऊ लागली आणि पंधराव्या शतकात ती तेथेच होऊ लागली. तोवर इंग्लंडात एल नावाचे बिनहॉपचे पेय होत असे, आणि ते करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या. घरापुरते करावे, उरेल ते शेजाऱ्यांना विकावे आणि दाराशी एक काठी उभारून तशी खूण करावी, असा तो व्यवहार होता. एल चार-आठ दिवसांत आंबट होई. त्यामुळे ते वारंवार आणि थोडथोडे करावे लागे. आणि जे वारंवार व थोडथोडे करावयाचे, ते घरातच परवडते. हॉपने हे गणित मोडले. हॉपची बिअर महिनोन् महिने टिकू लागली. जे टिकते ते साठविता येते, जे साठविता येते ते दूर नेता येते, आणि जे दूर नेऊन विकता येते त्याला मोठ्या कढया, मोठी पिंपे आणि मोठे भांडवल लागते. भांडवल, पत आणि कारागीर-संघाचे सदस्यत्व या गोष्टी त्या काळच्या बाईला सहसा मिळत नसत. अवघ्या दोनतीन शतकांत हा धंदा स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती आणि घरातून कारखान्यात गेला. याला एकटी हॉपच कारण झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तिच्या टिकाऊपणाने ही वाट सोपी केली, यात शंका नाही.

या टिकाऊपणाची सर्वांत मोठी कसोटी हिंदुस्थानच्या समुद्रमार्गावर लागली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत विलायतेहून मुंबईला अगर कलकत्त्याला येणारे जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येई, आणि त्यास चार ते सहा महिने लागत. विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. अशा प्रवासात पिंपातील बिअर टिकावी म्हणून काय करावे, याविषयी इंग्लिश लेखक १७६० च्या दशकातच सांगू लागले होते की, उष्ण देशांत पाठवावयाच्या बिअरमध्ये अधिक हॉप घालणे अवश्य आहे. लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसन याचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांचा तळ तेथून जवळच असल्याने जहाजांचे कप्तान त्याच्याकडून माल उचलीत, आणि तोही त्यांना दीर्घ मुदतीची उधारी देई. हिंदुस्थानासाठी हे पेय हॉजसनने नव्याने शोधून काढले, अशी आख्यायिका फार पसरली आहे. वस्तुस्थिती इतकीच दिसते की, फिकट रंगाची, भरपूर हॉपची बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती. हॉजसनचे यश जागेचे आणि उधारीचे होते. १८२२ नंतर बर्टन गावच्या ऑलसॉपने या व्यापारात प्रवेश केला. त्या गावच्या पाण्यात जिप्सम अधिक असल्याने तेथील बिअर अधिक स्वच्छ आणि कडवटपणाने अधिक तरतरीत उतरे. तिने हॉजसनला मागे टाकले.

या व्यापारात एक रीत अशी होती की, पिंपाला बूच मारण्यापूर्वी त्यात मूठभर कोरडी, न उकळलेली हॉप टाकावयाची. हेतू टिकाऊपणाचा होता. पण उकळी न लागल्याने त्या फुलांतील सुगंधी तेल उडून न जाता हळूहळू बिअरमध्ये उतरले. टिकविण्यासाठी योजिलेल्या उपायाने गंध आपोआप दिला. कारागिरीच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

हे सारे वाचताना असे वाटण्याचा संभव आहे की, उकळून काढावयाचे आणि न उकळता मुरवावयाचे, हा विवेक युरोपानेच केला. तो भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. शार्ङ्गधरसंहितेत आसव आणि अरिष्ट यांतील भेद याच पायावर सांगितला आहे. औषधी न उकळता पाण्यात मुरवून आंबविले तर ते आसव; काढा करून आंबविला तर ते अरिष्ट. काढा थंड झाल्यावर दालचिनी, वेलदोडा, नागकेशर यांसारख्या सुवासिक वस्तूंचे चूर्ण त्यात टाकावयाचे, त्यास प्रक्षेप म्हणतात. कडू मुळ्या-साली काढ्यात, आणि सुगंध निवाल्यावर! आंबण्यास साहाय्य व्हावे म्हणून धायटीची लाल फुले घालतात. सह्याद्रीत आणि दख्खनच्या माळरानांत हे झुडूप विपुल आहे. जवाच्या उकळत्या रसात घातलेली हॉप हे अरिष्ट मानले, तर पिंपात टाकलेली कोरडी हॉप हे आसव होय. भाषा निराळी, पण विचार एकच.

घरगुती मद्याविषयी कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण याहूनही बोलके आहे. त्यात सहा प्रकारची मद्ये सांगितली आहेत, आणि उडीद व तांदूळ यांपासून किण्व म्हणजे विरजण करण्याची रीत दिली आहे. सुरेचे प्रकार सांगताना सुगंधी आंब्याची सहकारसुरा आणि मसाल्यांनी युक्त अशी संभारिकी यांचीही नावे येतात. हॉपला अपरिचित असलेल्या या देशात पेयाला गंध देण्यासाठी आंबा होता, मसाले होते. आणि पेल्यात नीलकमळाची पाकळी तरंगत ठेवण्याची हौस तर संस्कृत काव्यात ठायी ठायी दिसते. या प्रकरणात दारू गाळण्या-विकण्यावर राज्याचा कडक अंमल आहे. तरीही कुटुंबवत्सल माणसाला विशेष कार्यप्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलत आहे. सुरा आणि किण्व यांचे साहित्य निवडून साफ करण्याचे काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावे, असेही त्यात म्हटले आहे. इंग्लंडातील एल करणाऱ्या बायका आणि कौटिल्याच्या काळातील किण्व निवडणाऱ्या बायका यांच्यात समुद्र होते, शतके होती. पण काम एकच होते.

मेहकरपासून फार दूर नसलेले बसवकल्याण हे एके काळी चालुक्यांची राजधानी होते. तेथे ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लास हा ग्रंथ रचविला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या त्यातील उल्लेखामुळे. त्याच ग्रंथात पिण्याचे पाणी फुलांनी आणि सुगंधी द्रव्यांनी कसे सुवासिक करावे, याचेही विवेचन आहे. सोमेश्वर राज्य करीत होता त्याच काळात ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात हिल्डेगार्ड आपल्या मठात नांदत होती. दोघांना परस्परांचे नावही ठाऊक असण्याचा संभव नव्हता; परंतु फुलाने पाण्याला काय होते, हा विचार दोन्हीकडे चालू होता. पुढे थोड्याच वर्षांत त्याच कल्याणात बसवण्णांभोवती शरणांचा मेळा जमला. त्यांत हेंडद मारय्या नावाचा वचनकार होता. हेंड म्हणजे ताडी; ताडी विकणे हाच त्याचा व्यवसाय. कष्टाने जगणाऱ्या प्रत्येकाला त्या मेळ्यात मान होता, तसा तो यालाही मिळाला. आणि आपल्या धंद्यातील शब्द त्याने भक्तीच्या बोलात आणले.

घरगुती पेयाच्या या परंपरेवर खरा आघात झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो हॉपने नव्हे, करवसुलीने केला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि ताडी काढण्यावर सरकारचा कडेकोट अंमल बसला. ताडाच्या झाडावरील कर वाढला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद होऊन गाळप मोठ्या ठिकाणी एकवटले. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. फूल रानात पडलेले असे, पण ते वेचून घरात ठेवणे हा गुन्हा ठरू लागला. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत ताडी ही केवळ पिण्याची वस्तू नव्हती. सणासुदीची पिठे तिनेच फुगविली जात. कर बसला तो अशा स्वयंपाकघरावरही.

हैदराबाद संस्थानात, ज्यात बिदर जिल्हा आणि मेहकर त्या वेळी मोडत होते, अबकारी हे सरकारी तिजोरीचे एक प्रमुख उत्पन्न होते. ओढ्यांच्या काठांवरील शिंदीची बने मक्तेदारांच्या ताब्यात असत. म्हणून ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतात विलीन होण्यासाठी लढा सुरू झाला, तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा त्या लढ्याचा एक भाग झाला. कुऱ्हाडीचा घाव झाडावर पडे, पण लागे तो निजामाच्या उत्पन्नाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. शिंदीची झाडे तोडणाऱ्यांत निव्वळ राजकारण नव्हते. मक्त्याच्या दुकानाने ज्यांच्या घरची मजुरी गिळली होती, अशांचा रागही त्यात होता. पेय घरात होते तोवर त्याला घराची मर्यादा होती. दुकानात गेल्यावर मर्यादा उरली ती केवळ खिशाची. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तो याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणारा भाग रद्द ठरविला, परंतु बंदीचे मूळ तत्त्व कायम राखले.

तिकडे इंग्लंडात १८८० पासून घरी बिअर करण्यासही परवाना लागे. तो १९६३ साली काढून टाकण्यात आला. अमेरिकेत घरापुरती बिअर करण्यास १९७८ च्या कायद्याने मुभा दिली. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, कॅस्केड नावाची हॉपची नवी जात अमेरिकन कृषिखात्याने प्रसृत केली. तिला मोसंबी-पपनसाच्या सालीसारखा वास होता. घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांना मोठ्या कारखान्यांच्या सपक मालाचा वीट आला होता. त्यांनी या फुलांकडे कडवटपणासाठी नव्हे, तर गंधासाठी पाहिले. हॉपचा टिकाऊपणा घरातून पेय घेऊन गेला होता. तिच्या गंधाने ते पुन्हा घरात आणले.

त्यांनी बसविलेली रीत आज सर्वमान्य झाली आहे. माल्टचा गोड रस उकळू लागताच घातलेली हॉप एका तासात कडवटपणा देते, गंध देत नाही. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातलेली हॉप चव देते. जाळ बंद करून रस सुमारे ऐंशी अंशांपर्यंत निवल्यावर घातलेली हॉप गंध देऊ लागते. आणि आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर थंड बिअरमध्ये टाकलेली कोरडी हॉप, म्हणजेच ते पिंपातील आसव, सर्वांत ताजा गंध देते. लिटरमागे दोन ते पाच ग्रॅम आणि तीन-चार दिवस, हे मध्यम प्रमाण होय. अधिक दिवस ठेवल्यास ओल्या गवताचा आणि पानांचा तुरट वास उतरतो. वेलीवरून नुकतीच तोडलेली ओली हॉप वापरावयाची असल्यास ती एका दिवसाच्या आत वापरावी लागते. तिच्यात चार हिश्शांपैकी तीन हिश्शांहून अधिक पाणीच असल्याने, वाळलेल्या फुलांच्या पाचसहा पट घ्यावी लागते.

या गंधाचा मुख्य शत्रू हवा होय. हवेतील प्राणवायूने तेल विटते आणि राळेला जुन्या चीझसारखा वास येतो; म्हणून हॉप हवाबंद पिशवीत, गोठणबिंदूखाली ठेवावी लागते. दुसरा शत्रू प्रकाश. ऊन लागलेल्या बिअरमधील हॉपच्या कडू द्रव्यापासून गंधकयुक्त दुर्गंधी उत्पन्न होते. गडद तपकिरी बाटलीचे कारण हेच. तिसरा धोका अनपेक्षित आहे. ब्राउन आणि मॉरिस या इंग्लिश रसायनज्ञांनी १८९३ मध्ये दाखविले की, कोरड्या हॉपमध्ये पिष्टमय पदार्थांची साखर करणारी द्रव्ये असतात. त्यामुळे शांत झालेली बिअर पुन्हा आंबू लागते, आणि घाईने बूच मारलेली बाटली फुटते. फुलाचे म्हणणे असे की, मला न उकळता घेतलेत, तर मी जिवंतही राहीन.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती छोट्या व्यावसायिक भट्ट्यांच्या वाटेने. पुण्यात २००९ साली डूलॅली नावाची अशी एक भट्टी सुरू झाली. हा शब्द मुळात नाशिकजवळील देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळून भ्रमिष्टासारखे वागणाऱ्या गोऱ्या शिपायासाठी इंग्रजीत तो रूढ झाला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तो मराठी मुलखात बिअरवरील नावपट्टी होऊन परत आला. हॉप मात्र येथे पिकत नाही. तिला फुलण्यासाठी उन्हाळ्याचा लांब दिवस आणि हिवाळ्याची कडक थंडी लागते. बिदरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून फारसा मोठा नसतो. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात झाली. बाकी फुले परदेशांतूनच येतात. शिवाय परवान्याखेरीज घरी बिअर करणे महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही कायद्याविरुद्ध आहे. कौटिल्याने कार्यप्रसंगापुरती दिलेली मुभा आजचा कायदा देत नाही.

ही गोष्ट चांगली की वाईट, याचा निर्णय एका बाजूने देता येत नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष दुकानाच्या वाटेने गेला, त्या घरातील बाईला बंदीचा कायदा आधार वाटला असेल. तिला इतिहासाची ही हळहळ ऐकविणे अन्यायाचे होईल. पण हेही तितकेच खरे की, मक्त्याने आणि कराने दारू थांबली नाही. थांबली ती घरातील विद्या. कोणते फूल केव्हा घालावे, किती दिवस मुरवावे, आंबण केव्हा थांबवावे, हे ज्या हातांना ठाऊक होते ते हात बेकायदेशीर ठरले. आणि ज्यांना केवळ गाळता व विकता येत होते, त्यांना परवाने मिळाले. टिकणे आणि गंध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हॉपने शिकविले. दुकानाला पहिली पुरते, घराला दुसरीही लागते.

ती विद्या सर्वस्वी नाहीशी झाली, असे मात्र नव्हे. वैद्याच्या धायटीत आणि प्रक्षेपात ती उरली. आणि मेहकरच्या चुलीपाशी ती रोज सकाळी दिसते. तेथे ज्वारीचे पीठ रात्रभर आंबलेले असते. पातेले उतरते, वाफ थोडी ओसरते, आणि मग बाई लसूण-जिऱ्याचे वाटण टाकून वर झाकण ठेवते. तिचे झाकण आणि हॉपच्या पिंपाचे बूच, दोन्ही एकाच कारणासाठी असतात. घरच्यांनी पेला ओठाशी नेईपर्यंत गंध आतच राहावा, एवढेच ते कारण.